दोन बोटांचा पट्टा

अन्याय झाला तो माझ्या चुलत्यांवर. गणपतराव, राहणार चौसाळा, तालुका बीड. घरात आणि गावात सगळे त्यांना तात्या म्हणत. झाला तो अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चावडीच्या दुसऱ्या पायरीवर उतरलं होतं त्या घडीला, निजामाच्या अमलात, भर गावादेखत. साल मी मुद्दाम लिहीत नाही. साल लिहिलं की लोक म्हणतात, तो काळच तसा होता. काळाला हात नसतात. छडी माणसाच्या हातात होती आणि बघणारे डोळेही माणसांचेच होते.

पत्रक कसं लिहावं हे मला बीडच्या एका मास्तरांनी शिकवलं. ते म्हणायचे, वरच्या ओळीत लिही अन्याय कुणावर झाला आणि कधी. खालच्या ओळीत लिही वाचणाऱ्यानं काय करायचं. मधलं कुणी वाचत नसतं. मी आयुष्यभर तशीच पत्रकं काढली, वाटली, त्यापायी आतही जाऊन आलो. पण ह्या एका गोष्टीत मधलंच महत्त्वाचं आहे. मधे एक फटफटी आहे, तिच्या चाकातली हवा आहे आणि आमच्या काकूची परात आहे. तेव्हा जरा दमानं वाचा.

आईबाप मला लहानपणीच सोडून गेले, म्हणून मी चुलत्याच्या घरात वाढलो. तात्यांना पोटचं पोर नव्हतं. शेत चांगलं, विहिरीला पाणी, दारात खिलारी जोडी. ती जोडी तात्यांनी रस्त्याचं काम संपवून निघालेल्या एका ठेकेदाराला दिली आणि तिच्या बदल्यात फटफटी आणली. गावात त्याआधी फटफटी कुणी जवळून पाहिली नव्हती. काकू दारात भाकरतुकडा घेऊन उभी राहिली, कारण नवं जनावर घरात येताना ओवाळायची रीत, आणि ते जनावर खोकत, धूर सोडत अंगणात शिरलं तशी म्हणाली, "आवं, सोन्यासारखे बैल दिले आन् ह्ये दम्याचं म्हातारं आणलं? ह्याला वैरण काय घालू?" तात्या खदखदा हसले. तात्यांचा आवाज मोठा, मिशा मोठ्या आणि स्वतःविषयीचं मतही मोठं. बाजारात उभे राहून ते फटफटीवर असं बोलायचे की जणू इंग्लंडात त्यांना विचारूनच ती बनवलेली. "लई नाजूक काम हाय," असं म्हणून ते मडगार्डवरची धूळ उपरण्यानं झटकत. निम्मं गाव त्यांच्यावर जळायचं, आणि हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्या फटफटीचे टायर आजच्यासारखे नव्हते. आज रबराच्या कडेला आत पोलादी तार असते, त्यामुळे हवा थोडी कमी असली तरी टायर आपल्या जागी बसून राहतो. तेव्हाच्या टायरला तार नव्हती. रबराची कडा नुसती दुमडलेली, ती चाकाच्या लोखंडी कड्याच्या ओठात अडकवायची. बस. तिथं तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे आतली हवा. हवा कमी झाली की कडा ओठातून सुटलीच. आणि जास्त भरली तर चाक दगडासारखं टणक होऊन खडीवरून फुटाण्यासारखं उडायचं, वळणावर पकड म्हणून घ्यायचं नाही. त्या दोन्हींच्या मधे एक जागा होती आणि ती जागा रोज सकाळी शोधावी लागायची. ठेकेदारानं हवा मोजायचं यंत्र दिलं होतं, पण ते पहिल्याच पावसाळ्यात गंजून अडकलं. काटा कायमचा एकाच आकड्यावर. तात्या म्हणायचे, "मामलेदारासारखं झालंय. काईबी विचारा, एकच उत्तर."

मग आमच्या घरानं स्वतःची रीत काढली. काकूनं सडा टाकून अंगण सारवलं की रांगोळी घालायच्या आधी ती एक मूठ रांगोळी उंबऱ्यापुढं पातळ भुरभुरायची. तात्या फटफटी त्यावरून हातानं ढकलत न्यायचे. चाकाचा पट्टा उमटायचा. काकू वाकून त्या पट्ट्यावर आडवी बोटं ठेवायची. दोन बोटं भरली तर ठीक. तीन बोटं भरली म्हणजे चाक बसलंय, हवा भरा. दीडच बोट भरलं म्हणजे फार टणक, थोडी सोडा. मागं कुणी बसणार असेल तर त्याला बसवूनच पट्टा काढायचा, आणि वजनानिशीसुद्धा तो दोन बोटांचाच राहिला पाहिजे; म्हणजे मागच्या चाकाला हवा जास्त लागणार, पुढच्याला थोडी कमी. बरोबर गहू न्यायचा असेल तर पोतंही बसवायचं. मी कितीदा तरी झोपेतून उठून, डोळे चोळत, पोत्याच्या ऐवजी मागच्या बैठकीवर बसलोय. नंतर काकू बोटाच्या पेरानं टायरवर टिचकी मारायची, बाजारात माठ घेताना मारतात तशी. माठ खणखणला तर पक्का, बद्द वाजला तर चिरलेला, टायरचंही तेच. तिचा कान तात्यांच्या बढाईपेक्षा भरवशाचा होता, आणि हे तात्या तिच्यादेखत कधी कबूल करत नसत. हे सगळं व्हायचं ते चूल पेटायच्या आधी, चाक रात्रभर गार झालेलं असताना. चाक तापलं की आतली हवा फुगते, आणि पट्टा खोटं बोलतो. ही गोष्ट आमच्या घरी येसर घातलेल्या आमटीइतकी रोजची होती. त्यात मोठं शहाणपण आहे असं कुणालाच वाटलं नाही.

(आता हायवेवरच्या पेट्रोलपंपावर मी पोरं बघतो. बीडहून भर उन्हात गाडी हाणत येतात, चाकाला हात लावला तर चटका बसतो, आणि तशीच नळी लावून म्हणतात, "काका, हवा जास्त झाली का बघा." यंत्र जास्त दाखवतं, पोरगं हवा सोडून टाकतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ चाकावर दोन मित्र बसवून निघतं. मी काठी आपटतो. ते हसतात. हसू द्या.)

त्या काळी सरकारी माणूस दौऱ्यावर आला की गावानं त्याला वेठीनं सगळं पुरवायचं. गाडी, बैल, गवत, कोंबडी, दूध, पाणी भरायला बाया आणि ओझं वाहायला माणसं. नाही म्हणायची सोय नव्हती. मी बंदी असलेली पत्रकं पिशवीतून आणायला लागलो ती ह्या वेठीविरुद्धचीच. तात्यांना माझं ते काम पसंत नव्हतं. "बे मुरल्या, कागदानं काय व्हतंय? आपलं काम भलं, आपुन भलं," म्हणायचे. मग एक दिवस वेठ त्यांच्याच दारात आली. गिरदावर, म्हणजे महसुलाचा फिरता अंमलदार, चावडीत उतरला होता. आमच्याच मुलखातला, आमच्याच भाषेत शिव्या देणारा. त्यानं ऐकलं की गावात फटफटी आहे. बैलगाडी परत पाठवली आणि चपराशाकडून सांगावा आला: फटफटी आणि चालवणारा, दोन्ही हजर.

अक्षय तृतीयेचा सण. काकूनं पुरण वाटायला घेतलं होतं. तात्या सकाळीच गेले, पट्टा बघून, गिरदावराचं अंग आणि त्याचा दप्तरकागदांचा बस्ता दोन्हींचा अंदाज धरून. गिरदावर चांगला भरलेला माणूस होता. आजूबाजूची गावं फिरून ते दुपारी परत आले, वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं, आणि फटफटी चावडीपुढच्या लिंबाखाली लावली. मी तात्यांसाठी सणाचं ताट घेऊन गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. चपराशानं उगाच मागच्या चाकाला हात लावला आणि झटक्यानं मागं घेतला. "साहेब, इस्तू झालंय. आन् किती कडक! फुटतंय बगा." गिरदावर दचकून लांब सरकला. त्यानं कुठंतरी मोटारीचा टायर फुटताना ऐकला होता म्हणे, तोफेसारखा. म्हणाला, "हवा काढ."

तात्या जेवता जेवता उठले. "साहेब, तसं करू नगा. तापल्यालं चाक कडक लागतंयच. सकाळी गार आसताना मापात भरलंय. आता सोडली तर गार झाल्यावर पोटात काय ऱ्हाईल?"

"तू मला शिकवतो का बे?"

"शिकवत न्हाई. सांगतोय."

तेवढ्यात आमच्या पाटलांना बोलायची हौस आली. पारावर पाटील होते, आणि अर्धं गाव होतं. पाटील म्हणाले, "तात्या, वैशाखात बैलगाडीचं चाक न्हाई का आपुन ओढ्यात घालत? चाकाला उन्हाळा बाधतोच. साहेब म्हणतात ते खरं हाय." लोकांनी माना डोलावल्या. आमच्याकडं लाकडी चाक उन्हाळ्यात आटतं, लोखंडी धाव सैल पडते, म्हणून गाड्या पाण्यात उभ्या करतात. पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान, आणि लाकडासाठी ते बरोबरच होतं. पण रबरात हवा असते, लाकूड नसतं, हे तात्या ओरडून सांगत राहिले आणि चपराशानं व्हॉल्व दाबून धरला. फुस्स आवाज बराच वेळ चालला. वरून दोघांनी आडाचं पाणी आणून चाकावर ओतलं, आणि चाक शांत झालं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. तात्यांनी ताट बाजूला सारलं. पुरणाची पोळी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरदावराला उन्हाआधी बीड गाठायचं होतं. तात्या पंप काखेत घेऊन चावडीवर गेले, मी मागोमाग. रात्रभरात चाक गार झालं होतं आणि अपेक्षेप्रमाणं मऊ पडलं होतं. तात्यांनी अंगठ्यानं दाबलं तर अंगठा आत गेला. ते पंप लावायला वाकले.

"पंप खाली ठेव," गिरदावर म्हणाला.

"साहेब, हवा कमी हाय. दोन माणसं न्हाई पेलायचं. टायर कड्यातनं निसटंल."

"काल माझ्या हुकमानं काढली ना? मग ती काय उगाच काढली?"

तिथं खरी मेख होती. पंपाचे चार दट्टे मारले असते तर काल गिरदावर चुकला असं झालं असतं, तेही पारावरच्या गावादेखत. तात्यांनी पंप खाली ठेवला. सरळ उभे राहिले आणि मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाई. ह्या हवेवर मी तुमाला नेत न्हाई. पडाल."

न्हाई. हा शब्द त्या चावडीवर सरकारी माणसाला कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं. गिरदावराच्या हातात वेताची छडी होती. ती तात्यांच्या कानशिलावर बसली. पागोटं उडून धुळीत पडलं. ऊन दुसऱ्या पायरीवर होतं ते तेव्हा. मी खाली बघत होतो, म्हणून मला आठवतं. पाटलांनी पागोटं उचललं, झटकलं आणि तात्यांच्या हातात दिलं. "जावा तात्या. कावून वाढवता?" तात्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं, गुंडाळलंसुद्धा नाही. फटफटी चालू केली. गिरदावर मागं बसला तसं मागचं चाक दबून पसरलं आणि मी त्यांच्या मागं पळत सुटलो.

आमच्या फटफटीच्या आवाजावरून ती कुठं आहे हे घरात बसून सांगता यायचं. वेशीबाहेर गेली की आवाज मोकळा व्हायचा, ओढ्याच्या उताराला दबायचा, चढावर पुन्हा उठायचा. त्या दिवशी आवाज उताराला दबला आणि उठलाच नाही. मी पोचलो तेव्हा मागचा टायर कड्यातून निसटून साखळीत गुरफटला होता. फटफटी आडवी पडली होती. तात्यांचा गुडघा तिच्याखाली होता. गिरदावर काटेरी झुडपात बसला होता, हात कोपरातून भलतीकडंच वळलेला, आणि बोंबलत होता, "पाडलं मला! छडी मारली म्हणून जाणूनबुजून पाडलं!"

लोक धावत आले. गिरदावराला बाजेवर घालून चावडीत नेलं. तात्यांना दोघांनी बखोट्याला धरून नेलं आणि चावडीच्या खांबाला बांधलं. गुडघा सुजून टरबुजागत झालेला. जवळच्या ठाण्यावरून अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, घोड्यावरून निघालेत असा निरोप दुपारच्या आत आला. सरकारी अंमलदाराच्या जिवावर उठल्याचा आरोप. त्याला काय शिक्षा होते हे मला मास्तरांच्या संगतीत चांगलं ठाऊक झालं होतं. मी घरी पळालो. काकू अंगणात उभी होती, हात पिठाचे. मी म्हणालो, "काकू, मी बीडला जातो. मास्तरांना सांगतो. आजच पत्रक काढतो."

"कागूद मागनं काढ," काकू म्हणाली. "फटफटी कोणच्या वाटनं गेली?"

"चावडीवरनं वेशीतनं ओढ्याकडं."

"वाटनं गाड्या गेल्यात का अजून?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वैशाखात आमच्या रस्त्यावर घोट्यापर्यंत फुफाटा असतो, पिठासारखा मऊ. रांगोळीवर उमटतो तसा पट्टा त्यावर उमटलेला असणार. कालच्या दुपारचा येतानाचा आणि आज सकाळचा जातानाचा, दोन्ही. कालच्या सणामुळं बैलांना आजही विसावा होता, गाड्या निघालेल्या नव्हत्या. पण ऊन चढलं की वावटळ उठणार होती, आणि धनगराची मेंढरं पाण्यावर यायची वेळ व्हायची होती.

आम्ही चावडीपासून वाकून बघत गेलो. होते. लिंबाकडं येणारा कालचा पट्टा दोन बोटं, कडा कोरलेल्या. लिंबापासून निघालेला आजचा चार बोटं, कडा खोल आणि मधला भाग पुसट, कारण मऊ चाक कडांवर चालतं. आंधळ्यालाही बोटानं कळलं असतं. काकूनं इकडंतिकडं पाहिलं, घरी गेली आणि तिची माहेरची पितळी परात घेऊन आली. काकूचं माहेर शिरूर कासारचं, भांडी तिथल्या कासारानं घडवलेली. ती परात तिनं लिंबाखाली, दोन्ही पट्टे शेजारी शेजारी होते तिथं, पालथी घातली आणि वर दगड ठेवला. मग कोंबड्यांचं डालगं आणलं. मग सूप. तेवढं वेशीपर्यंतही पुरेना. म्हणून ती घरोघर गेली. काय बोलली मला माहीत नाही, मी पट्ट्याशी राखण करत उभा होतो. पण बाया आल्या. कुणी परात आणली, कुणी घंगाळ, कुणी तांब्याचं पातेलं. एकेक भांडं धुळीवर पालथं पडत गेलं. पाटलीणबाई स्वतः आल्या, डोक्यावरचा पदर दातात धरून, आणि गावातली सगळ्यांत मोठी परात काकूच्या परातीपुढंच पट्ट्यावर घालून गेल्या. वावटळ आली. आम्ही पाठ करून उभे राहिलो. धूळ भांड्यांवर बसली आणि खालचं खाली राहिलं. मेंढरं आली तेव्हा धनगरानं रस्त्याकडं पाहिलं, काही न विचारता शीळ घातली आणि कळप शेतातून वळवला. चावडीपासून ओढ्यापर्यंत गावाची भांडी उन्हात चमकत होती. एवढी सुंदर मिरवणूक मी नंतर कधी पाहिली नाही, आणि मी पुष्कळ मिरवणुका पाहिल्या आहेत, काही स्वतः काढल्या आहेत.

अमीनसाहेब आले. उंच, शांत माणूस. त्यांनी आधी गिरदावराचं ऐकलं, मग खांबाला बांधलेल्या तात्यांचं. मग काकू पुढं झाली. परपुरुषापुढं ती कधी बोलली नव्हती. "साहेब, परात उचलून बगा."

अमीनसाहेब लिंबाखाली उकिडवे बसले. परात उचलली. कालच्या पट्ट्यावर बोटं ठेवली, आजच्या पट्ट्यावर ठेवली. काकूनं शिकवलं नसतानाही त्यांनी बोटंच ठेवली. मग वेशीपर्यंत चालत गेले, ओढ्यापर्यंत गेले, एकेक भांडं उचलून बघत आणि पुन्हा जागच्या जागी ठेवत. सगळं गाव मागं. परत येऊन म्हणाले, "हवा कमी होती. हे खरं." तात्यांनी डोळे मिटले.

"आता सांगा," अमीनसाहेब म्हणाले, "कमी कुणी केली? आणि हा 'नाही' म्हणाला होता, हे कुणी ऐकलं?"

पाटलांनी मान वळवून ओढ्याकडं पाहिलं. चपराशी आपल्या पायाचं बोट बघत होता. मी ओरडलो, "मी ऐकलं!" अमीनसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "तू पत्रकवाला ना? आणि घरचा. तुझं राहू दे." मग ते खाली वाकले, पाटलीणबाईंची परात उचलली आणि तिच्या काठावर कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलं. पाटलांचं नाव, बापाच्या नावासकट. आमच्याकडं लग्नात, बारशात मिळालेल्या प्रत्येक भांड्यावर नाव घालून घेतात. गिरदावर बाजेवरून कण्हत बघत होता. अमीनसाहेब शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. ही भांडी ज्यांची, ते साक्षीदार. नावं भांड्यावर आहेतच. सगळ्यांनी उद्या बीडला येऊन जबाब द्यायचा. ज्याला द्यायचा नसेल त्यानं आपलं भांडं घेऊन जावं."

त्या माणसानं हे न्यायानं म्हटलं की कपटानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी जे पाहिलं ते सांगतो. पहिल्यांदा पाटील पुढं आले. त्यांनी आपली परात काखेत घेतली आणि कुणाकडं न बघता घराकडं चालू लागले. पाटलीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी परात हातात घेतली नाही. पाटलांनाच ती आत ठेवावी लागली. मग बाकीचे. एकेक पुरुष यायचा, आपल्या बाईनं ठेवलेलं भांडं काठावरचं नाव बघून उचलायचा, अंगरख्यानं पुसायचा आणि जायचा. एकानं तर चुकून दुसऱ्याचं घंगाळ उचललं, नाव वाचलं आणि इंगळी चावल्यागत खाली टाकलं. त्याच्या हातातून पडून घंगाळ खणखणलं. वारा सुटला होता. भांडं उचललं की खालचा पट्टा घडीभर दिसायचा, कोरीव, आणि मग धूळ त्यावरून सरकायची. शेवटी रस्त्यावर एकच परात राहिली. काकूची. आणि तिचंच डालगं अन् सूप, त्यांवर नाव नव्हतं.

"घरचं भांडं," अमीनसाहेब म्हणाले, आणि घोड्यावर बसले.

तात्यांना गाडीत घालून बीडला नेलं. गुडघा कुणी बसवला नाही. ते तुरुंगातून परत आले तेव्हा ज्वारी दोनदा निघून गेली होती, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि एक पाय वाकतच नव्हता. निसटलेला टायर मी मधल्या काळात कड्यात बसवून ठेवला होता, तरी फटफटीवर ते पुन्हा बसले नाहीत. पण परत आल्याच्या दुसऱ्या सकाळी मी उठलो तेव्हा काकूनं उंबऱ्यापुढं मूठभर रांगोळी भुरभुरलेली होती आणि तात्या काठी टेकत फटफटी ढकलायचा प्रयत्न करत होते. मी पुढं होऊन ढकलली. पट्टा तीन बोटं भरला. तात्या म्हणाले, "मुरल्या, हवा मार." मी पंप मारला. पुन्हा ढकलली. काकूनं बोटं ठेवली. दोन. तिनं टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाली, "खणखणीत." तात्या बाजेवर बसले आणि पहिल्यांदाच तिच्यादेखत म्हणाले, "तुला माझ्यापरीस बरं कळतंय." मग त्यांनी मला विचारलं, "बे, तुझ्या त्या कागदात माझं काय लिहिलंस?" मी म्हणालो, "तुम्ही 'नाही' म्हणाला होतात, एवढंच लिहिलंय." ते म्हणाले, "तेवढं पुरं हाय."

ते पुरं नव्हतं. तात्या गेले, काकू गेली, निजाम गेला, वेठ गेली. तरीही आमच्या गावात आजही म्हातारी माणसं सांगतात, गणपतरावानं रागाच्या भरात साहेबाला ओढ्यात लोळवला. कौतुकानं सांगतात! तात्यांना शूर करायला निघतात आणि गुन्हेगार करून ठेवतात. त्यांनी कुणाला लोळवलं नाही. त्यांनी आधी बजावलं होतं, मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ज्यांनी ऐकलं त्यांनी आपापल्या पराती घरी नेल्या.

काकूची परात माझ्या घरी आहे. काठावर तिचं नाव आहे, शिरूरच्या कासारानं कोरलेलं. ते आता हाताला गुळगुळीत लागतं, पण वाचता येतं.

आता खालची ओळ. वाचणाऱ्यानं काय करायचं ते.

तात्या 'न्हाई' म्हणाले, हे आता तुम्हीही ऐकलं आहे. म्हणजे तुम्ही साक्षीदार आहात, आणि तुम्ही आमच्या घरचे नाही. चौसाळ्यात, बीडमध्ये, कुठंही कुणी ही गोष्ट उलटी सांगायला लागला की त्याला तिथंच थांबवा आणि खरी सांगा. आणि उद्या सकाळी, चाक गार असताना, गाडीवर कुणाला बसवायच्या आधी हवा बघा. कमी असेल आणि मागं बसणारा म्हणाला, तशीच चल, तर नाही म्हणा. शेजारचा नाही म्हणताना दिसला तर घरात जा, आपल्या नावाचं भांडं बाहेर आणा, रस्त्यावर पालथं घाला. आणि उचलू नका.